रिकामं जातं

दक्षिण फ्रान्स
११ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप आबा,
पुनाचा इथूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. थंडी आहे, पण तुम्ही दिलेली घोंगडी पुरते. आई गेल्याचं तुमचं पत्र पोचलं, तेव्हा तिचा दहावाही उलटून गेला होता. तुम्ही वेळेवर जेवता ना? शेजारून प्रमिलाअक्का भाकरी आणून देते का?

काल कॉलेजने आम्हाला एका इमारतीची मापं घ्यायला नेलं. सहाशे वर्षांची पाणचक्की, पण दिसते आपल्या थाळनेरच्या बुरुजासारखी. लढायांत धान्य लुटलं जायचं, म्हणून मठातल्या साधूंनी तिचा किल्लाच केला. भिंती दोन हात जाड, बाण मारायला फटी, आणि दार वरच्या मजल्यावर. शत्रू आला की शिडी आत ओढून घ्यायची. खाली पाण्याने चाक फिरतं आणि त्याच्या जोरावर वरचं दगडी जातं फिरतं.

तिथल्या म्हाताऱ्याने आम्हाला दाखवायला पाणी सोडलं, तर जातं रिकामंच फिरू लागलं. मी मराठीतच ओरडलो, "थांबवा!" वर्गातले बठ्ठे माझ्याकडे बघत राहिले. आई म्हणायची ना, "रिकामं जातं फिरावानं नही." त्याने पाणी अडवलं, पण मला रडू आवरेना.

आबा, दळण झालं की आई जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी ठेवायचीच. तिची शेवटची मूठ अजून तिथेच असेल. ती कुणाला दळू देऊ नका. मी जूनमध्ये येतो. खुंट्याला दोघं हात लावू. एक भाकरी निघेल, अर्धी अर्धी खाऊ.

तुमचा
पुना