बर्फात पुरलेली काळी बिअर

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणाची आबाळ नाही, आईला तसं सांग. तिचा गुडघा कसा आहे? फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

बेल्जियन पद्धतीची ती काळी, कडक बिअर मी महिनोन्महिने जिवापाड जपली. तिच्यासाठी साखरेचा पाक करपू न देता काळा केला. काल ती चाखायची होती, आणि आमच्या मालकांनी काय करावं? बाटल्या सकाळपासून बर्फात पुरून ठेवल्या! इतकी गार केली की या बिअरची चवच मरते. एक घोट घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "हे नुसतं कडू पाणी आहे. कुणी शिकवलं तुला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचाच ग्लास उचलला, दोन्ही तळव्यांत धरून चांगला उबवला आणि म्हणालो, "आता घ्या."

मनुका, भाजलेली साखर, लवंगेसारखा वास, सगळं वर आलं होतं. ग्लास रिकामा करूनच ते बोलले, "बर्फ कुणी आणला रे?" स्वतःच आणलेला!

त्यांच्यावरचा राग झोपेत विरला. तुझ्यावरचा विरत नाही. वहिनीच्या तोंडून निसटलं, माझ्यासाठी स्थळ बघताना तू सांगतोस की धाकटा सरबताच्या कारखान्यात आहे. दादा, मालकांनी निदान एक घोट घेऊन तरी नावं ठेवली.

आईला जप. छोटीला गोड पापा.

तुझा धाकटा,
सरबतवाला