साक्षीच्या आधीची सुट्टी

१ मे १९९४, रविवार
निकाल लागले. मनू सहावी पास, बंटी पहिली. संध्याकाळी हे आले ते हातगाडीवर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर ठेवून. भाड्याने, एका दिवसासाठी. मी बघतच राहिले. बाथरूमचा दिवा चालू राहिला तर ओरडणारा माणूस!
अख्ख्या मजल्यावरची पोरं आमच्या खोलीत. भजी तळून तळून माझा जीव गेला. हे पोरांत मांडी ठोकून बसलेले, सगळ्यांत मोठ्याने हसत होते.
बरं वाटलं. मार्चमध्ये ह्यांच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टरकडचा मजूर दत्तू टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या गॅसने गेला. ती ह्यांचीच शिफ्ट. तेव्हापासून धड जेवण नाही, बोलणं नाही. म्हटलं, चला, बाहेर आले एकदाचे त्यातून.

३ मे, मंगळ.
आमच्या जीन्सच्या वर्कशॉपात मरणाचं काम. दिल्लीचा लॉट जायचाय. दिवसभर चेकिंग, जीन्स उलट्यासुलट्या करून बोटं निळी. शेठच्या घरून भाभींनी दाल-पकवान पाठवलं. "शोभा, पहले खा ले. माल कहीं भागा नहीं जा रहा."
घरी आले तर हे घरातच. आइस्क्रीमचं लाकडी पॉट आणलेलं, बर्फ, खडेमीठ, हापूसचा रस. बंटी हँडल फिरवतोय, जीभ बाहेर.
"शिफ्ट?"
"रजा टाकली. महिनाभर."
"महिनाभर?"
"शिल्लक होती."
बहिणीच्या लग्नालाही एकच दिवस घेतला होता ह्यांनी. आइस्क्रीम छान झालं. दोन वाट्या खाल्ल्या मी.

६ मे, शुक्र.
शुक्रवारची मलाही सुट्टी. उल्हासनगरला सर्कस लागलीय, तिकडे गेलो. बंटीला पुढचं दिसेना. शेजारच्या खुर्चीवर पांढरा शर्ट घातलेला एक माणूस होता, त्याने उचलून मांडीवर घेतलं. "बस बंटी, आता दिसतं ना हत्ती?" पॉपकॉर्नही घेऊन दिले. भला वाटला.
झोके सुरू झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही कुणीच बंटीला नावाने हाक मारली नव्हती.
ह्यांनी उठून बंटीला आपल्याकडे घेतलं. तो माणूस हसला. "सुपरवायझरसाहेब, फॅमिली मस्त आहे तुमची."
मध्येच उठून निघालो. पोरं रुसली. गोळ्यात फिरणारी मोटारसायकल बघायची राहिली ना. रिक्षात विचारलं, कोण होता? म्हणाले, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. बस्स.

८ मे, रवि.
कॅरम. मनू आणि मी विरुद्ध बाप-लेक. बंटी क्वीन खिशात घालून पळाला. हे त्याच्यामागे जिन्यापर्यंत हसत गेले, आणि खाली रस्त्याकडे बघून परत आले. हसू गेलेलं. दार लावलं, वरची कडीसुद्धा.
उन्हाळ्यात आम्ही दार कधी लावत नाही. उकडून निघालो.

१३ मे, शुक्र.
वांगणी. ह्यांच्या मामेभावाची वाडी आहे. पोरं पंपाच्या पाण्याखाली तास-दोन तास नाचली. करवंदं खाऊन सगळ्यांच्या जिभा काळ्या. मी आंब्याखाली चक्क झोपले. किती वर्षांनी!
निघताना म्हणाले, वाटेत एका घरी जायचंय.
दत्तूचं घर निघालं. त्याची बायको हिराबाई, माझ्याहून लहान असेल. पोरांना ओंजळभर जांभळं दिली. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाली, "कंपनीवाले सांगतात, तो दारू पिऊन आपला आपनच उतरला. भाऊ, तुमी व्हताव ना तिथं?"
"होतो वहिनी."
"मंग सांगाल ना कोरटात?"
"सांगीन."
मी शेजारी उभी. मला त्यातलं काही माहीत नाही.
पोरांना कुल्फी देऊन स्टेशनवरच्या दुसऱ्या बाकड्यावर बसवलं आणि मग ऐकलं सगळं. हिराबाईने भरपाईचा दावा लावलाय. १ जूनला ठाण्याच्या कोर्टात ह्यांची साक्ष. दत्तू प्यायलेला नव्हता. टाकीतला गॅस तपासलेला नाही, माणूस उतरवू नका, असं ह्यांनी मॅनेजरला तोंडावर सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, उतर रे. दत्तू उतरला.
रजासुद्धा ह्यांनी घेतलेली नाही. घरी बस, विचार कर, असं सांगून कंपनीनेच पाठवलंय.
म्हणजे टीव्ही, पॉट, सर्कस... "पोरांची सुट्टी चांगली जाऊ दे म्हटलं," एवढंच बोलले.

१६ मे, सोम.
भांडण. पोरं गच्चीवर पापड राखत होती तेव्हा.
मी: "तुम्ही सांगितल्याने दत्तू परत येणार आहे का?"
"नाही येणार."
"मग? आपल्या पोरांचं काय?"
हे उठले, पिंप भरायला गेले. पाणी वाहून बाहेर आलं तरी नळ बंद केला नाही.

१८ मे, बुध.
कामावरून आले तर मनू खाली मैदानात बॅडमिंटन खेळत होती. नवी कोरी रॅकेट, दोन-दोन.
"कुठून आणल्यास?"
"पप्पांच्या कंपनीतल्या काकांनी दिल्या. म्हणाले, पप्पांना सांग, सुट्टी एन्जॉय करा."
"पांढरा शर्ट होता का?"
"हो. सर्कशीतलेच काका."
ह्यांनी रॅकेटी घेतल्या, बाहेर गेले, रिकाम्या हाताने आले. मनू रडून रडून झोपली. तिला काय सांगायचं? अनोळखी माणसाकडून काही घेऊ नये म्हटलं. ती म्हणाली, पण ते ओळखतात ना आपल्याला.

१९ मे, गुरु.
ह्यांनी दुसऱ्या रॅकेटी आणल्या. मनूने हात लावला नाही.

२५ मे, बुध. बुद्धपौर्णिमा
सकाळी विहारात वंदना. मनूने पांढरा फ्रॉक घातला, बंटीने पांढरा सदरा, बाहेर पडेपर्यंत मळवलासुद्धा. खीर केली. दरवर्षी ह्यांच्या कंपनीतले चार-पाचजण येतात. यंदा फक्त मोरे. त्याच शिफ्टला असतो. ह्यांचा जुना दोस्त, बंटीचं नाव त्यानेच ठेवलं.
वाटी हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "तू आठवत नाही म्हण रे. एवढंच. खोटं नको बोलू, आठवत नाही म्हण. मी तर सांगून टाकलं, मी चहाला गेलो होतो."
"तू कुठे गेला होतास, मोरे? तू दत्तूचा दोर धरून उभा होतास."
"माहितीये रे बाबा."
जाताना मला म्हणाला, "वहिनी, समजवा त्याला. ही माणसं नुसती बोलत नाहीत." खीर तशीच ठेवून गेला. मला त्याचा राग आला नाही. मीही तेच म्हणत होते ना सोळा तारखेला.

२६ मे, गुरु.
शेठने केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, लॉटमधले पीस परत आले. पण दार लोटून हळूच म्हणाले, "शोभा, कोई आदमी पूछने आया था. तुम कितने बजे छूटती हो, कौन से रास्ते से जाती हो. मैंने भगा दिया. कुछ लफड़ा है क्या घर में?"
नाही म्हटलं. शेठने माझ्याकडे बघितलं आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, आजपासून बहनजींना अंबरनाथला घरापर्यंत सोडायचं. टेम्पोत कापडाच्या गाठींवर बसून आले. मला कधी नव्हे ते रडू आलं.
घरी आल्याबरोबर सांगितलं नाही. मग जेवताना सांगितलं.

२८ मे, शनि.
पोरांना बदलापूरला माझ्या ताईकडे सोडून आले. कुणाला सांगितलं नाही, शेजारीसुद्धा नाही. बंटी खूश. ताईकडे केबल आहे, आणि मागे नदी. नदीवर पाठवू नको म्हणून ताईला दहादा बजावलं. ती म्हणाली, अगं झालंय तरी काय तुला?
घर रिकामं. आम्ही दोघांनी कॅरम मांडला. दोघेही मुद्दाम हरत होतो.

३० मे, सोम.
ह्यांनी आज स्वतःहून स्वयंपाक केला. सुकटाची चटणी, भाकरी. भाकरीचा नकाशा झाला. हसलो खूप. लग्नाआधी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये फालुदा प्यायला भेटायचो त्या गोष्टी निघाल्या. तेव्हा हे किती घाबरट होते! माझा भाऊ दिसला की दुकानात शिरून कापड बघायचे.
आता का घाबरत नाही हा माणूस? की घाबरतो आणि मला कळत नाही?

३१ मे, मंगळ.
दुपारी शेठच्या फोनवर ताईचा फोन. "भाऊजींनी आंबे पाठवले ते पोचले गं. करंडी भरून. पोरं तुटून पडलीत."
ह्यांनी आंबे पाठवलेले नाहीत.
"कुणी आणून दिले?"
"एक माणूस होता. पोरांना नावाने ओळखत होता म्हणून घेतले."
खाऊ नका म्हणून ओरडले. ताई घाबरली. खाल्ले होते आधीच. रात्रीपर्यंत फोन करून विचारत राहिले. काही झालं नाही, साधेच आंबे होते. पण बदलापूरचं घर त्यांना कसं कळलं?
आजवर मला वाटत होतं, हे गप्प बसले तर आपण सुटू. पण ज्या माणसाला आपलं प्रत्येक दार माहीत आहे, तो आपण गप्प बसल्यावर ते विसरेल का? उद्या आणखी काही दडपायचं असलं की पुन्हा मांडीवर घेईल बंटीला.
ह्यांना म्हटलं, "जा. जे झालं ते सांगा."
म्हणाले, "तू पोरांजवळ राहा."

१ जून, बुध.
शेठकडून सुट्टी घेऊन सकाळीच बदलापूर. हे ठाण्याला, हिराबाईला घेऊन. आंब्यांची करंडी अजून ताईच्या ओट्याखाली होती, ती उचलून बाहेर टाकली. दिवसभर पोरांना घरात कोंडून ठेवलं. पत्ते, गाण्याच्या भेंड्या, साखरपोळी. बंटी विचारतो, मम्मी तू आज एवढी का खेळतेस?
चार वाजले, पाच वाजले. ताईने दिवा लावला. मी खिडकीत.
साडेसहाच्या पुढे हे आले. चालत, धड. मी आधी हातपाय बघितले, मग तोंड.
साक्ष झालीच नाही. हे आत उभे राहिले, शपथ घेणार, तर कंपनीचा वकील आजारी आहे असं सांगून त्याच्या ज्युनियरने पुढची तारीख मागितली. मिळाली. जूनअखेर. हिराबाई पायरीवर बसून राहिली होती, म्हणाली, "मी परत यीन भाऊ. तुमी?" हे म्हणाले, येईन.
"आणि तो?" मी विचारलं.
होता. कोर्टाच्या बाहेर, उसाच्या रसाच्या गाडीवर. ह्यांच्यासाठीही ग्लास भरून घेतला होता. ह्यांनी घेतला नाही. तेव्हा म्हणाला, "बरं. पोरांची शाळा कधी सुरू होते, साहेब?"
हे सगळं आम्ही मोरीत, नळ सोडून बोललो. बाहेर आलो तर मनू पाठ्यपुस्तकांना कव्हरं घालत बसलेली. तेरा तारखेला शाळा. म्हणते, आता मी सातवीत आहे, मला सोडायला येऊ नका, बंटीला घेऊन मी एकटी जाईन.