मंगळावर तेल कोण टाकतं?

६ जानेवारी
कारभारणीचे गुडघे — कालच्यासारखेच. माझा खोकला — बरा. म्हैस — वैरण खाते. नात स्वप्नाली — अहमदाबादला, मंगळाच्या अभ्यासाला. कशी आहे, ठाऊक नाही. दोन वर्षं झाली.

७ जानेवारी
चूक माझीच. तिला बघायला आलेल्या पावण्यांनी विचारलं, पोरगी काय शिकते? मी म्हणालो, "मंगळावरची धूळ झाडती." सगळे हसले. मी जास्त. ती चहाचा ट्रे ठेवून आत गेली आणि सकाळच्या गाडीनं निघून गेली. फोन उचलत नाही.
कारभारीण म्हणते, "पत्र लिवा की. चुकलो म्हणा."
नुसतं चुकलो कसं म्हणू? कशाला हसलो, ते तरी आधी कळू दे.

९ जानेवारी
वाचनालयातून मंगळाचं पुस्तक आणलं. तिथं धुळीचं वादळ कधीकधी अख्खा ग्रह झाकतं. पत्राला सुरुवात केली — धूळ ऊन अडवते, तेव्हा वरची हवा गार होऊन खाली बसत असणार.

१० जानेवारी
पत्र फाडलं. जमिनीवर दिवसा गारवा, हे खरं. वर उलटंच! धूळच ऊन पिते, तापते, हवा फुगून वर चढते. पाण्याची वाफही तिच्यासोबत. पार उंचावर उन्हानं वाफ फुटते, हायड्रोजन निसटतो — गेला तो गेला. दोनदा वाचलं. डोक्यात शिरलं नाही.

१३ जानेवारी
कसबा बावड्याला ज्ञानूच्या गुऱ्हाळावर गेलो. चाळीस वर्षं गुळव्या होतो, पाय तिकडंच वळतात. जाळ वाढला, मोठ्या काहिलीत कढणारा उसाचा रस फेसाळून काठाला आला. ज्ञानू गप्पात. मी म्हणालो, "तेल टाक की लेका!" त्यानं चमचाभर टाकलं. फेस बसला.
मीही बसलो, तिथंच.

१४ जानेवारी
पत्र टाकलं. 'तुझ्या कामाला हसलो, चुकलो. काही कळत नव्हतं, तरी हसलो. आता एवढं कळलं — वादळात मंगळाची काहील उतू जाते. तिथं तेल कोण टाकतं?'
सोबत गुळाचा खडा. कारभारीण म्हणाली, मुंग्या लागतील.

२८ जानेवारी
उत्तर आलं.
'आजोबा, कुणीच टाकत नाही. म्हणून तर तिथलं पाणी थोडंथोडं करत गेलं. इथं प्रवेशाच्या मुलाखतीत मी काहिलीचंच उदाहरण दिलं होतं, तेलासकट. लहानपणी खांद्यावर बसवून तुम्हीच दाखवलं होतं. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. खाल्ला. पत्र लवकर लिहा. ह्या वेळी दोन वर्षं नकोत.'