पिंजऱ्यात कोण होतं?

ता. ४
चि. शहाण्यास, अनेक आशीर्वाद.

तुझी कविता पोचली. बाबांना एकदाच दवाखान्यात भेटून गेलास आणि लगेच कविता! रजेवर असले तरी मी मास्तरीण आहे. प्रतिमा तपासल्याशिवाय तुझी सुटका नाही.

खाटेच्या कठड्याला तू पिंजरा म्हणतोस आणि बाबांना पाखरू. पण बाबा तो कठडा धरूनच कुशीवर वळतात रे. सलाइनची नळी म्हणजे पतंगाचा दोर, हे मात्र सुरेख. फक्त दोर कोणाच्या हातात, ते लिहायचं राहिलं. माझ्या. ओढवत नाही, सोडवत नाही. आंघोळीपुरतं घरी जायचं म्हटलं तरी पाय निघत नाही.

आणि दार! प्रत्येक कडव्यात दार. बाबांची शिंप्याची बोटं अजून चादरीवर कापड बेततात, ते तुला दिसलंच नाही. खरं सांग, पिंजऱ्यात कोण होतं?

वेळेवर जेवत जा. माझा लोभ आहे, तुझाही असू दे.
तुझी ताई

ता. ९
ती. ताईस, सा. न. वि. वि.

चोर पकडलास. मीच होतो. बाबा बोलत होते आणि मी भेटीची वेळ कधी संपते ते बघत होतो. जीव गुदमरला, काहीतरी थाप मारून सटकलो. तेव्हापासून बॅग भरतो आणि रिकामी करतो. कविता फाडून टाक. भित्र्या भावावर माया मात्र राहू दे.
तुझा शहाण्या

ता. १३
चि. शहाण्यास, आशीर्वाद.

फाडली नाही. बाबांना वाचून दाखवली, कोणाची ते न सांगता. डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, त्या पेशंटचं नशीब चांगलं. घाबरत का होईना, कोणीतरी भेटायला आलं.

डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. कवी कोण, ते तूच येऊन सांग.
वाट पाहणारी,
ताई

ता. १६, बाबांच्या खाटेजवळून
ती. ताईस, सा. न.

शेजारच्या काकू घराकडे निघाल्यात, त्यांच्या हाती ही चिठ्ठी. धावत येऊ नकोस, बाबा शांत आहेत.

कविता माझी, असं त्यांना सांगितलं. म्हणाले, पहिल्याच ओळीला ओळखलं होतं. मग माझं मनगट धरून झोपी गेले. माझा पाय बधिर झालाय, छाती अजून धडधडतेय. त्यांची पकड सैल आहे, सहज सोडवता येईल.

बसलोय. तू संध्याकाळपर्यंत झोप.
तुझाच,
शहाण्या