क्लाराचं दही

आई,

तुमचा मोबाइल चार्जिंगलाच राहिलाय, म्हणून चिठ्ठी. आज मंगळवार नाही, चतुर्थी नाही, तरी भल्या पहाटे दगडूशेठला का गेलात, ते मी विचारणार नाही.

क्लाराला सोडायला शेफाली आणि मी, दोघी मायलेकी शाळेत जातोय. जर्मनीहून पाहुणी आलेल्या सगळ्या मुलांची बस तिथूनच विमानतळाला जाणार आहे.

“परक्या पोरीला घरात कशाला ठेवायचं?” असं तुम्हीच म्हणाला होतात. काल शाळेच्या मेळ्यात त्याच पोरीने तुम्ही शिकवलेली थालीपीठं विकली, खेड्यातल्या एका शाळेच्या वाचनालयासाठी. एक बाई भाव करायला लागल्या, तर ही शांतपणे म्हणाली, “घ्यायचं तर घ्या, मागे लाइन आहे.” अगदी तुमचा स्वर! मुख्याध्यापिका हसत विचारत होत्या, एवढं मराठी हिला कुणी शिकवलं? मी मान ताठ करून सांगितलं, “आमच्या सासूबाईंनी.”

आत्ता निघताना मी तिच्या हातावर दही ठेवायला गेले, तर तिने हात मागे घेतला. रोज शाळेला जाताना तुमच्याच हातचं खाल्लंय ना! “आजी,” एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून राहिलीय. आता ओढूनच न्यावी लागणार.

वाटी ओट्यावर झाकून ठेवलीय. बस साडेनऊला सुटते. मच्छिंद्रला रिक्षा घेऊन खाली थांबायला सांगितलंय. साडी बदलत बसू नका.

आणि चमचा आणू नका. ती हातावरच घेते.

वैष्णवी