उचगावला नेलेलं पिठलं

शाहूपुरी, कोल्हापूर

तीर्थरूप आईस,
अदितीचा वाकून नमस्कार. आम्ही मजेत आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथल्या आमच्या सेवा क्लबात दर रविवारी कुणा एकीच्या माहेरचा पदार्थ सगळ्याजणी मिळून रांधतो आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पोचवतो. या रविवारी तुझं कुळथाचं पिठलं केलं. क्लबातली क्रांती त्यात कांदा-लसूण चटणी घालायला निघाली होती, चव घेतल्यावर तिनं चटणीची बरणी परत ठेवून दिली. सगळ्यांनी कृती मागून घेतली. मी अगदी मिरवून घेतलं.

मग डबा घेऊन उचगावच्या अंबूबाईंकडे गेले. त्यांची मुलं पुण्यात असतात. मला समोर बसवून त्या चवीनं जेवल्या.

"कुणाच्या हातची रीत ही?"

"माझ्या आईची. गुहागरला असते."

"मग तिच्यासंगं आज कोण जेवलं?"

बाबा गेल्यापासून तू फोनवर "जेवले गं" म्हणतेस आणि मी पुढचं बोलायला लागते. काय जेवलीस, एकटीनं घास उतरतो का, कधी विचारलंच नाही. फार चुटपुट लागली आहे.

शनिवारी येते आहे. चारच दिवसांची रजा मिळाली, तेही मनाला लागतं. तेवढे दिवस तरी तुझ्यासमोर ताट घेऊन बसेन.

तुझीच,
अदिती