घोंगडीची पट्टी

निपाणी,
५ फेब्रुवारी २०२४

चि. समता हिस,
आप्पाचा सप्रेम जयभीम.

तू म्हणतीस, व्हॉट्सॲपवर लिहा. अगं, एका अक्षरावर बोट ठेवलं की तीन उमटत्यात. आणि फोन कानाला लावून काय उपेग? जन्मभर तंबाखू चाळायच्या यंत्रांजवळ काम करून कानाची वाट लागली, तुला ठाव हाय. तवा कागदच बरा.

आपलं तंबाखू चाळायचं पिंप झाकणासकट गल्लीतल्या जोतिबाच्या टेम्पोतनं धाडलंय. उतरवताना तिथं उभी राहा. तुझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं, निवेदितानं, धूळ ओढणारा पंखा केलाय. चांगलाच असंल, मी न्हाय म्हणत न्हाय. पण ती मोठ्या घरची, बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांत तिचं सोताचं वर्कशॉप. माझं पिंप आणि तिचा पंखा जोडून यंत्र चाललं, तर नाव कुणाचं लागंल? पान कापायच्या यंत्राच्या येळी माझ्या भागीदारानं काय केलं, विसरलीस व्हय? डोस्कं माझं, मेहनत माझी, आणि यंत्रावर नाव त्याच्या पोराचं. दुधानं तोंड पोळलंय गं माझं, ताक फुंकूनच पिणार.

तुझ्या आईचा खोकला तसाच हाय. तंबाखूच्या वखारीत चाळायला जाऊ नको म्हटलं तर म्हणती, तुमचं यंत्र आलं की धूळ न्हाय का खोकला न्हाय, मग राणीवाणी बसून चाळते. थट्टा करती आणि लगेच ठसका लागतो. मला ठसका ऐकू येत न्हाय, तिचे खांदे हलल्याले दिसत्यात. ते बघवत न्हाय.

पिंपाचं झाकण लई कुणाला उघडून दाखवू नको. जेवणखाण येळेवर कर. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
आप्पा

---

बेळगाव,
१७ फेब्रुवारी २०२४

ती. आप्पांना,
समताचा सविनय जयभीम.

कसं लिहू कळत नाही. काल चाचणी फसली. वखारींचे मालक बघायला आले होते. सुरुवातीला बरं चाललं, मग झाकणाच्या कडेनं धूळ यायला लागली. पंखा घरघरला आणि बंदच पडला. सगळे शिंकत, डोळे चोळत बाहेर पळाले. एकजण जाता जाता म्हणाला की यापेक्षा आमची उघडी चाळणी परवडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आप्पा.

निवेदितानं सगळ्यांसमोर सांगितलं की दोष तिच्या पंख्याचा आहे. तुमचं नाव घेऊन म्हणाली, पिंप निपाणीच्या आण्णाप्पांनी केलंय, त्यांच्या कामात खोट नाही. तेव्हापासून ती पंख्यासमोर बसून आहे. डबा आणून दिला तर तसाच परत.

पण मला एक गोष्ट खातेय. आपल्या घरी तुम्ही पिंप फिरवून दाखवलं होतं, तेव्हा झाकणातून कणभर धूळ आली नव्हती. मग इथं कशी आली? टेम्पोत काही पडलं का? की काही राहिलं? रागावू नका, पण सरळ विचारते. मालक पुढच्या शनिवारी पुन्हा यायला तयार झालेत, तेही तिच्या शब्दाखातर. यावेळी फसलं तर कुणी दारात उभं करणार नाही.

आईला तोंडाला फडकं बांधायला सांगा. तिची आठवण झाली की घास उतरत नाही. उलट टपाली कळवा, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुमचीच,
समता

---

निपाणी,
१९ फेब्रुवारी २०२४

चि. समता हिस,
सप्रेम जयभीम.

काय पडलं न्हाय, काय राहिलं न्हाय. मी ठेवून घेतलं.

झाकणाच्या खाचेत घोंगडीची पट्टी बसती. धूळ लोकरीला चिकटती, हवा तेवढी पार जाती. ती पट्टी काढून मी कपाटात ठेवली. म्हटलं, भागीदारीच्या कागदावर सह्या होऊ द्यात, माझं नाव लागू दे, मग देऊ. पंखा जोराचा हाय, एक दिवस पट्टीबिगर भागंल, असं धरून चाललो. आणि सगळ्याचा इचका केला.

तुझं पत्र वाचून तुझी आई माझ्यापुढं येऊन बसली. काय बोलली ते ऐकू आलं न्हाय, पण सगळं समजलं. त्या पोरीनं परक्या लोकांत माझी अब्रू राखली, आणि मी पट्टी कुलपात घालून बसलो. लई लाज वाटती गं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं पट्टी घेऊन येतो. हे पत्र निवेदिताला दाखव, लपवू नको. तिला म्हणावं, तोंडानं रागावलीस तर म्हाताऱ्याला ऐकू यायचं न्हाय. काय रागवायचं ते लिहून रागव.

बापावर असलीच तर थोडी माया ठेव.

तुझा,
आप्पा

---

बेळगाव,
२१ फेब्रुवारी २०२४

ती. आण्णाप्पांना,
निवेदिताचा जयभीम.

समतानं तुमचं पत्र दाखवलं. तुमच्यावर रागवायला म्हणून कागद घेतला खरा, पण कुठल्या तोंडानं रागावू?

आप्पा, झाकणाची खाच रिकामी आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. उगाच कुणी खाच पाडत नाही. तरी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हीही मला विचारलं असतं, पंख्याचं झाकण सगळीकडून रिव्हेट ठोकून कायमचं बंद का केलंस म्हणून. आतली रचना कुणाला दिसू नये, समतालासुद्धा, म्हणून केलं होतं. ताक फुंकून प्यायला मलाही एकानं फसवून शिकवलंय. चाचणीत पंखा धुळीनं तुंबला. झाकण उघडून झटकला असता तर चालला असता. पण उघडणार कसा? सगळ्यांसमोर मी दोष माझा म्हणाले, तो मोठेपणा नव्हता हो.

समता आपल्या दोघांवर भडकलीय. म्हणते, असले भागीदार वैऱ्यालाही मिळू नयेत.

हे पत्र टेम्पोनं पाठवतेय, म्हणजे उद्याच मिळेल. येताना काकूंनाही घेऊन या. यंत्र त्यांच्यासाठी आहे, आधी त्यांना पटू दे. रिव्हेट काल छिन्नीनं तोडले. पंखा टेबलावर उघडा ठेवलाय. तुम्ही आत बघितल्याशिवाय झाकण लावणार नाही.

लोभ आत्तापासून धरावा, ही विनंती.

तुमची,
निवेदिता